बारा इंची आरशाचं सभ्य गिऱ्हाईक

४ फेब्रुवारी

ताई,

फोनच करणार होतो. पण फोनवर मला तुझं निम्मं ऐकू येतं, आणि उरलेलं निम्मं तू इतक्या मोठ्यानं सांगतेस की शेजारच्यांना ऐकू जातं. भिंगांच्या कारखान्यातल्या यंत्रांनी पस्तीस वर्षांत कानांचं करायचं ते केलं. तेव्हा पत्रच बरं.

बातमी अशी, की आरसा विकला गेला! तू मागच्या वेळी आलीस तेव्हा मी मागच्या खोलीत पिंपाभोवती गोल फिरत काच घासत होतो आणि तू "अजून तेच?" म्हणाली होतीस, तोच. दुर्बिणीचा, बारा इंची. सात महिने लागले. हात आता पूर्वीसारखे स्थिर नाहीत. एवढा मोठा पुन्हा होईल असं वाटत नाही, म्हणून जाहिरात टाकतानाही मन मागेपुढे होत होतं.

तिसऱ्याच दिवशी परदेशातून ईमेलनं पत्र आलं. गृहस्थ समुद्राचे शास्त्रज्ञ आहेत, सध्या संशोधनाच्या बोटीवर असतात, त्यामुळे फोन करता येत नाही. पण काय सभ्य माणूस! मला 'आदरणीय उस्ताद' म्हणतात. ही विद्या कुठे शिकलात, गुरू कोण, असं विचारलं. ताई, पस्तीस वर्षांत कारखान्यात मला हे कुणी विचारलं नाही.

किमतीत घासाघीस शून्य. उलट किमतीपेक्षा बरेच जास्त पाठवले आहेत. त्यातून त्यांच्या माल नेणाऱ्या एजंटाचं भाडं मी द्यायचं, आणि वर उरतील ते मला 'तसदीबद्दल'. पैसे आल्याची ईमेलही आली. फक्त एजंटाला भाडं पोचल्याची पावती मी पाठवली की रक्कम मोकळी होईल. ती ईमेल आणि त्यांची सगळी पत्रं छापून सोबत जोडली आहेत. बँकेतली तू, तुला बघायला आवडेल.

ही म्हणाली, आधी ताईंना विचारा. म्हटलं, विचारायचं काय त्यात, कळवतो.

तुझा धाकटा


८ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा पोट धरून हसायला, आणि एकदा हे खरंच तूच लिहिलंयस का ते बघायला. अक्षर तुझंच आहे, दुर्दैवानं.

तुझा तो समुद्रावरचा शास्त्रज्ञ! बोटीवरून फोन करता येत नाही, ईमेल मात्र दिवसाला चार करता येतात. आणि डुलणाऱ्या बोटीवर बारा इंची आरसा नेऊन करणार काय, दाढी?

तू जोडलेला, पैसे आल्याचा तो कागद चष्मा लावून वाचला. वर पैसे पोचवणाऱ्या कंपनीचं नाव रंगीत, मोठं. खाली जिथून ईमेल आली तो पत्ता मात्र कुणीही फुकटात उघडावा असा. शिवाय कंपनीच्या नावात एक अक्षर जास्तीचं. जिला स्वतःचं नाव धड लिहिता येत नाही, तिच्यावर तुझा विश्वास, आणि विचारायचं काय त्यात म्हणे!

मी एकतीस वर्षं परकीय चलनाच्या खिडकीमागे बसले. पैसे येतात किंवा येत नाहीत. आलेत, पण उंबरठ्यावर ताटकळत उभे आहेत आणि तू आधी कुणाच्या तरी हातावर काहीतरी ठेवलंस की आत येतील, असले पैसे मी पाहिले नाहीत. त्या कंपनीतलं तुझं खातं उघडून बघ. त्या ईमेलमधल्या निळ्या ओळीवर टिचकी मारून नाही. कंपनीचा पत्ता स्वतः टाइप करून आत जा आणि आकडा बघ. आकडा नसेल तर पैसे नाहीत. ईमेल म्हणजे पैसे नव्हेत.

आणि जास्तीचे पैसे देणारं गिऱ्हाईक? गिऱ्हाईक जन्माला येतं तेच कमी द्यायला. जो जास्त देतो आणि त्यातले काही अमक्याला दे म्हणतो, त्याला तुझे पैसे त्या अमक्यापाशीच पोचवायचे असतात. तो अमका म्हणजे तो स्वतः किंवा त्याचा भाऊबंद. भाडं तू दिलंस की ते तुझ्या खिशातून जातं, आणि त्याची रक्कम कधी येतच नाही.

सगळ्यात मोठी गंमत तुला दिसली नाही. इतक्या पत्रांत त्यानं आरशाबद्दल एक अक्षर विचारलं नाही. फोकस किती, काच कुठली, वजन किती, काही नाही. 'वस्तू उत्तम स्थितीत आहे ना', एवढंच. असं जुन्या फ्रिजबद्दल विचारतात.

उत्तरही देऊ नकोस. एक पैसा पाठवू नकोस. आणि तुझ्या बायकोला माझ्यातर्फे सांग, घरात एकाला तरी अक्कल आहे.

ताई


१७ फेब्रुवारी

ताई,

पत्र मिळालं. तुझं म्हणणं बरोबर असेल. तो विषय आता संपला.

दुसरीकडून एक विचारणा आली आहे, पण तिचा काही उपयोग नाही. परदेशातलीच एक बाई, डोंगराळ गावात राहते, शाळेत गणित शिकवते. नमस्कार नाही, चमत्कार नाही, सरळ तेवीस प्रश्न, आकडे घालून. फोकस किती इंच. काच कुठली, थंड व्हायला किती वेळ लागतो. कडेला टवका आहे का. पात्याच्या चाचणीचे फोटो आहेत का. (चाचणी म्हणजे आरशासमोर दिवा ठेवायचा आणि दाढीच्या पात्यानं उजेड कापत बघायचं. केसाच्या हजाराव्या भागाएवढी चूक असली तरी सावलीत दिसते.) तेवीस प्रश्नांखाली एक ओळ: किंमत जास्त वाटते.

आणि कळस म्हणजे, आरशाशेजारी कागदावर आजची तारीख आणि तिचं आडनाव लिहून फोटो पाठवा म्हणे. हल्ली नसलेल्या वस्तू विकणारे फार झालेत! म्हणजे मी चोर! पस्तीस वर्षं भिंगं घासली, लोकांना दिसायला लागलं, आणि ही मला चोर म्हणते. मी उत्तर दिलेलं नाही. देणारही नाही.

इकडे थंडी कमी होतेय. तुझे गुडघे कसे आहेत?

धाकटा


२२ फेब्रुवारी

धाकट्या,

माझे गुडघे त्यांच्या जागी आहेत. गुडघ्यांची चौकशी तू केव्हा करतोस ते मला तुझ्या शाळेपासून माहीत आहे. प्रगतिपुस्तक लपवायचं असलं, की आईचं डोकं दुखतंय का विचारायचास.

'तो विषय संपला' म्हणजे काय? तू संपवलास, की त्यानं? पैसे दिलेस का? हो किंवा नाही, एका शब्दात लिही. आणि आरसा कुठे आहे, तेही.

त्या गणिताच्या बाईचं पत्र वाचून मात्र बरं वाटलं. ती तुला चोर समजते, कारण ती शहाणी आहे. जिला वस्तू हवी असते ती वस्तूबद्दल विचारते. ज्याला तू हवा असतोस तो तुझ्याबद्दल विचारतो, गुरू कोण आणि शिकलात कुठे. तुला मात्र पहिली उद्धट वाटते आणि दुसरा सभ्य. उस्ताद!

एका शब्दात.

ताई


३ मार्च

ताई,

हो.

सहा तारखेला दिले. पत्र तुला चारला टाकलं, तुझं उत्तर दहाला आलं. सहाला त्याची ईमेल होती की एजंटाची गाडी आमच्या भागात आहे, आज भाडं भरलं नाही तर पुढच्या महिन्याशिवाय येणार नाही. मी कंपनीच्या नावानं नाही, कुणा एका माणसाच्या नावानं भरले. तेव्हाच काहीतरी खटकलं होतं. पण पेटी भरून झाली होती.

पेटी मी स्वतः केली. आत दोन थर फोम, कोपऱ्यांना लाकडाच्या पट्ट्या, झाकणाला बारा स्क्रू. नऊ किलोची काच, जराही हलता कामा नये. सात तारखेपासून गाडीची वाट बघितली. रोज सकाळी पेटी फाटकापाशी आणून ठेवायची, संध्याकाळी आत न्यायची. ऐकू येत नसल्यामुळे हॉर्न चुकेल म्हणून मी फाटकापाशीच खुर्ची टाकून बसत होतो. अकरा दिवस. तुझं पत्र हातात होतं तरी बसत होतो, हे तुला कळणार नाही. मला वाटत होतं, गाडी आली तर तू चुकलीस असं होईल.

मग ईमेल आली की आता कस्टमची फी भरा. तेवढी मात्र भरली नाही. त्यानंतर पत्रं बंद झाली. खातं तू सांगितलंस तसं उघडून पाहिलं. काही नव्हतं, कधीच नव्हतं.

गेले ते माझ्या दोन महिन्यांच्या पेन्शनइतके. हिला अजून सांगितलेलं नाही. आरसा घरात आहे, एवढं तरी झालं.

धाकटा


९ मार्च

धाकट्या,

धन्य आहेस. फाटकापाशी खुर्ची टाकून अकरा दिवस! दारावर पाटीही लावायचीस: येथे पैसे मिळतील, गाडी आणण्याची गरज नाही.

आणि 'आरसा घरात आहे, एवढं तरी झालं' म्हणून स्वतःची पाठ थोपटून घेऊ नकोस. तो तुझ्या हुशारीमुळे घरात नाही. त्या चोरालासुद्धा तुझा आरसा नको होता. नऊ किलोची काच घेऊन तो काय करणार? गाडी नव्हती, एजंट नव्हता, बोट नव्हती. त्याला हवा होता तुझा भोळेपणा, आणि तो तू कुठल्याही पेटीत न भरता पाठवून दिलास.

आता पोलिसांत जा, बँकेत जा, तक्रार कर. आणि बायकोला सांग. कालच सांगायला हवं होतं.

ताई


२ एप्रिल

धाकट्या,

तीन आठवडे झाले. पत्र नाही. तुझ्या बायकोला फोन केला, ती म्हणाली, "बरे आहेत. मागच्या खोलीत जात नाहीत." पेटीवर चादर टाकली आहे म्हणाली.

तक्रार केलीस का?

ताई


२० एप्रिल

ताई,

तक्रार केली. पोलिसांत कारकुनानं कागद वाचला आणि शेजारच्याला दाखवला. दोघं हसले. मला हसणं ऐकू येत नाही, पण दिसतं. बँकेत एक मुलगी होती, ती हसली नाही. म्हणाली, "काका, त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी आला असतात, तर पैसे गेले त्या बँकेला सांगून पैसे अडवायचा प्रयत्न करता आला असता. आता अडीच महिने झाले."

अडीच महिने का झाले, सांगू? तुझं पहिलं पत्र दहाला माझ्या हातात होतं. भाडं भरून चार दिवस झाले होते. त्या दिवशी बँकेत गेलो असतो, तर कदाचित काही झालं असतं. पण बँकेत जायचं म्हणजे झालं ते मान्य करायचं, मान्य केलं की तुला कळणार, आणि तुला कळलं की तू काय लिहिशील ते मला पाठ होतं. दाढीचा विनोद वाचूनच मी ठरवलं की सांगायचं नाही. तू अगदी बरोबर होतीस, ताई. पण तुझं बरोबर असणं असं आहे, की चुकलेला माणूस त्याच्या जवळपास फिरकत नाही. तो चोर तुझ्या जिवावरही जेवला.

आणि नंतरचं ते वाक्य. चोरालासुद्धा नको होता. पैसे गेल्याचं मी दोन दिवसांत गिळलं असतं. पण सात महिने मी जे घासलं ते चोरायच्याही लायकीचं नाही, हे माझ्या बहिणीनं मला हसत हसत सांगितलं. हिला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "तुम्ही मला आधी सांगायला हवं होतं." त्यात टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं.

आरसा विकायचा नाही. पत्र पाठवू नकोस, असं म्हणत नाही. पण उत्तराची वाट बघू नकोस.

धाकटा


२७ एप्रिल

धाकट्या,

उत्तराची वाट बघत नाही. पण हे वाच.

मी खिडकीमागे बसायला लागून दहाएक वर्षं झाली असतील, तेव्हा एक शिंपी आला. हातात परदेशातून आलेलं पत्र. तुम्हाला मोठं बक्षीस लागलंय, सोडवायला अमुक रक्कम भरा. फॉर्म कसा भरायचा म्हणून विचारत होता. मी ते पत्र मोठ्यानं वाचलं. शेजारच्या खिडकीवरचा हसला, रांगेतले हसले. मी म्हणाले, "मामा, हे बक्षीस मला का नाही लागलं?" त्यानं कागद चार घड्या करून खिशात घातला आणि गेला. मला वाटलं, वाचवलं एकाला.

दीड वर्षानं त्याचा मुलगा आला. बाप दुसऱ्या बँकेतून पैसे भरत राहिला होता. आठ वेळा. तिथे कुणाला काही विचारलं नाही, कारण विचारलं तर हसतात, हे तो माझ्या खिडकीवर शिकून गेला होता. हे मी कधी कुणाला सांगितलं नाही. तुला सांगते आहे.

ते वाक्य मी लिहायला नको होतं. खोटं होतं म्हणून नाही. चोराला आरसा नकोच होता, पण चोराला काय कळतं? त्यानं तुझी काच पाहिलीसुद्धा नाही. त्याच्या मताला मी किंमत दिली, आणि तुझ्या कामाला नाही. मी आजवर कधी पात्यामागून त्या आरशात बघितलंय का? नाही. 'अजून तेच?' एवढंच म्हणाले. तेवीस प्रश्न विचारायला मलाही सुचले नाहीत, बहीण असून.

ज्या बाईला सुचले, तिला उत्तर दे. एवढंच म्हणणं आहे. पैसे खात्यात आल्यावर बँकेतल्या त्या न हसणाऱ्या मुलीकडे जाऊन खरे आहेत का विचार, ते पक्के झाल्याशिवाय पेटी हलवू नकोस. माल तू निवडलेल्या कंपनीनं जाईल, तिच्या नाही. विमा, सहीनिशी पोच, आणि पेटी भरतानाचे फोटो. ती भडकली तर भडकू दे. जिला आरसा हवा आहे ती थांबेल.

ताई


१८ जून

ताई,

दोन महिने लिहिलं नाही, कारण लिहायला काही पूर्ण झालं नव्हतं.

त्या बाईला तेवीस उत्तरं दिली. तारखेचा कागद ठेवून फोटोही पाठवला. धन्यवाद नाही, आणखी नऊ प्रश्न. मी पैसे आधी म्हटलं, ती म्हणाली माल आधी. मी लिहिलं, मला एकदा फसवलंय, आता मी कुणावरही विश्वास ठेवत नाही. तिचं उत्तर एका ओळीत: मलाही, दोनदा. मग आमचं जमलं. निम्मे आधी, निम्मे पेटी माल नेणाऱ्या कंपनीच्या हाती दिल्याची पावती बघून. पैसे आले तसा बँकेतल्या मुलीकडे गेलो, तिनं चार दिवस थांबा म्हटलं, थांबलो. ती बाई त्या चार दिवसांत तीनदा चिडली. किंमत तिनं शेवटी थोडी पाडलीच.

पेटी पोचली. सही झाली. मग बारा दिवस काही नाही. वाटलं, आता काहीतरी खोट काढणार. परवा तिचं पत्र आलं. पेटीचे स्क्रू फार घट्ट होते, तिचा स्क्रूड्रायव्हर तुटला. मुलाम्यावर कडेला एक बारीक ठिपका आहे, तो मी सांगायला हवा होता. आणि तिनं स्वतः पात्यानं चाचणी केली. मी कळवले होते त्यापेक्षा आकडे चांगले आहेत. 'तुम्ही तुमचा आरसा नीट मोजलेला नाही. पुन्हा असं करू नका.' खाली सही. हिनं ते पत्र माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं.

आता दुसरं. तक्रारीच्या कागदावर एक सही राहिली होती, म्हणून काल पुन्हा पोलिसांत गेलो. रांगेत माझ्यापुढे एक बाई, चाळिशीची, लोकरीच्या बाहुल्या विणून विकणारी. तिच्या बोलण्यातलं मला काही ऐकू आलं नाही. पण कारकुनानं तिचा कागद शेजारच्याला दाखवला, ते दिसलं. दोघं हसले. तिनं कागद परत घेतला, घडी केली आणि दाराकडे निघाली.

मी तिच्या मागे गेलो. फाटकाबाहेर गाठलं. म्हटलं, "बोटीवरचा शास्त्रज्ञ का?" ती म्हणाली, "नाही, इंजिनीअर. वाळवंटात." किती वाजता पैसे पाठवले ते विचारलं. सकाळी अकरा. तेव्हा दीड वाजला होता.

तिला रिक्षात घातलं आणि आधी बँकेत नेलं. ती वाटेत म्हणत होती, "मी मूर्ख आहे, घरी कुणाला सांगू नका." मी ऐकू येत नसल्यासारखं केलं. त्या मुलीनं तिचा कागद घेतला, फोन उचलला, दोन ठिकाणी बोलली, आणि म्हणाली, "थांबले. अजून उचलले नव्हते." बाहुल्यावाली खुर्चीवर बसली आणि रडायला लागली. मग आम्ही परत पोलिसांत गेलो. मी तिच्या शेजारी उभा राहिलो आणि कारकुनाकडे बघत राहिलो, तक्रार पुरी होईपर्यंत. तो हसला नाही.

निघताना तिनं माझ्या कानाशी येऊन मोठ्यानं विचारलं, "तुमचे मिळाले का परत?"

"नाही," म्हटलं. "मी उशिरा सांगितलं."

तुझा धाकटा